व्हर्च्युअल ऑर्केस्ट्रा मंचावर बसवताना: प्रीसेट लावूनही सगळे एकाच विहिरीत का वाजतात?

संत्रासूर (धागा सुरू केला) · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. सहा मिनिटांच्या लघुपटाचं पार्श्वसंगीत रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लावतोय, प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झचा. तंतुवाद्यांची लायब्ररी (आधीच रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा, म्हणजे नमुन्यांचा, संच) मोठ्या सभागृहात रेकॉर्ड केलेली आहे, म्हणजे नमुन्यांतच खोलीचा घुमारा आहे. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून हे चारही कोरड्या, म्हणजे घुमारा नसलेल्या, लायब्ररीतले. ब्रास (ट्रम्पेट-हॉर्नसारखी पितळी वाद्यं) तिसऱ्याच ठिकाणचा, तोही थोडा ओला, म्हणजे घुमारा असलेला. शिवाय आपली बांबूची बासरी घरी माइकवर घेतलेली.

वाद्यांना मंचावर जागा देणाऱ्या प्रीसेटचा (आधीच भरून ठेवलेल्या सेटिंगचा) एक संच लावलाय. त्यात ‘पहिली व्हायोलिन, पुढे डावीकडे’, ‘हॉर्न, मागे’, ‘टिंपनी, अगदी मागे’ अशी नावं आहेत. २२ ट्रॅकवर २२ प्रीसेट टाकले. निकाल असा की व्हायोलिन विहिरीतून येतात, ट्रम्पेट मांडीवर येऊन बसतो, आणि एकटी फ्लूट डाव्या स्पीकरपासून उजव्यापर्यंत ताणली जाते. प्रीसेट एकेकटे ऐकले तर छान वाटतात. एकत्र वाजवले की खिचडी. कुठून सुरुवात करू?

धरमपेठ_डेसिबल · सोमवार, रात्री १०:४०

आधी २२ च्या २२ बंद करा. कुठलाही जागेचा प्रीसेट काहीतरी गृहीत धरून बनवलेला असतो, आणि बहुतेक वेळा गृहीत धरलेलं असतं ते म्हणजे नमुना कोरडा आहे. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीचे सायलेंट स्टेजवरचे नमुने कोरडे आहेत, त्यांना असा प्रीसेट चालतो. स्पिटफायरची सिम्फॉनिक मालिका लंडनच्या एअर स्टुडिओच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये घेतलेली आहे. बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राची त्यांचीच लायब्ररी मेडा व्हेल स्टुडिओतली. या वाद्यांना रेकॉर्डिंगच्या वेळीच आपापल्या खुर्चीवर बसवलेलं होतं. पॅन (डावी-उजवी जागा), अंतर, अर्ली रिफ्लेक्शन (भिंतींवरून आलेली पहिली परावर्तनं) सगळं नमुन्यात आहे. त्यावर ‘पुढे डावीकडे’ प्रीसेट म्हणजे सभागृहात वाजलेली टेप दुसऱ्या सभागृहात पुन्हा वाजवणं. तुमची विहीर तिथे आहे.

दुसरी गोष्ट. ट्रॅकगणिक रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) नको. जागा दोन भागांत तोडा. वाद्य कुठे बसलंय हे पहिल्या ८०-१०० मिलिसेकंदांतली अर्ली रिफ्लेक्शन्स सांगतात. सभागृह केवढं हे नंतरची टेल, म्हणजे घुमाऱ्याची शेपटी, सांगते. टेल सगळ्यांना एकच, एका बसवर (अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र येतो ती सामाईक वाट), कारण सभागृह एकच आहे. अर्लीच्या बस तीन किंवा चार: पुढची, मधली, मागची, हवं तर तालवाद्यांची वेगळी. म्हणजे २२ ऐवजी पाच रिव्हर्ब. प्रोसेसरही दमणार नाही.

आता तुमच्यापुरतं: फ्लूट-ओबो मंडळींना अर्लीची मधली बस आणि टेल, दोन्ही. तंतुवाद्यांना फक्त टेल, तीही बेतानं, बाकीच्यांशी सांधा जुळण्यापुरती. ब्रासचं आधी मोजून पाहू.

संत्रासूर · सोमवार, रात्री १०:५८

मोजायचं म्हणजे? ‘थोडा ओला’ हे मी कानानंच म्हटलंय. आकडा कसा काढतात?

धरमपेठ_डेसिबल · सोमवार, रात्री ११:२५

ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट काढा. मध्यम सप्तकातला एकच स्टॅकाटो (तुटक) स्वर वाजवा, पुढे चार सेकंद शांतता ठेवा आणि रेंडर करा. वेव्हफॉर्म उभी मोठी करून पाहा. स्वर तुटल्यानंतर पातळी ५ डीबी खाली येते तो क्षण आणि २५ डीबी खाली येते तो क्षण, यांतलं अंतर सेकंदांत घ्या आणि तिप्पट करा. ६० डीबी घसरण्याचा वेळ हाती आला. थेट ६० डीबीपर्यंत मोजायला जाऊ नका. तिथे नमुन्यातली खरखर लागते आणि आकडा फुगतो.

०.४ च्या आत आला तर नमुना कोरडा समजा, त्याला अर्ली आणि टेल दोन्ही लागेल. दीड सेकंदाच्या वर असेल तर पूर्ण ओला. मधल्याला मी अर्ली देत नाही, फक्त टेल.

एक खोच आहे. बऱ्याच लायब्ररींत सभागृहाची शेपटी वेगळ्या रिलीज नमुन्यांत (स्वर सोडल्यावर वाजणाऱ्या) असते. मेमरी वाचवायला कोणी ती बंद केलेली असेल तर ओला नमुनाही कोरडा मोजला जातो आणि स्वराची मान पिरगळल्यासारखी ऐकू येते. मोजण्याआधी रिलीज चालू आहे ना बघा.

माइकचे वेगवेगळे फेडर (पातळीच्या सरकपट्ट्या) देणारी लायब्ररी असेल तर ‘क्लोज’ (वाद्याजवळचा माइक) एकटा ठेवून वर आपली खोली बांधायचा मोह होतो. क्लोजमध्येही थोडी खोली शिरलेलीच असते, आणि वाद्य नाकासमोर आल्याने कर्कश होतं. झाड जसंच्या तसं ठेवा. झाड म्हणजे डेक्का ट्री, वाद्यवृंद संचालकाच्या डोक्यावरचे तीन माइक. क्लोज त्याच्या १०-१२ डीबी खाली, नुसता तपशिलापुरता.

वर्धारोड_फेडर · मंगळवार, सकाळी ७:५०

कोरड्या वाद्यांसाठी आकडे देतो. प्रीसेटमध्ये कोणीतरी असेच आकडे भरलेले असतात. ते कुठून येतात हे कळलं की प्रीसेट दुरुस्त करता येतो.

समजा झाडापासून मंचाची मागची भिंत १२ मीटरवर आहे. तंतुवाद्यं सरासरी ४ मीटरवर, वुडविंड (फ्लूट-ओबो मंडळी) ७, ब्रास १०, तालवाद्यं ११. आवाज एका मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. म्हणजे तंतुवाद्यांच्या तुलनेत वुडविंड ९, ब्रास १७ आणि तालवाद्यं २० मिलिसेकंद उशिरा पोचतात. ट्रॅकचा उशीर म्हणतात तो हा.

आता प्रीडिले. इथे निम्मे लोक उलटं करतात: लांबच्या वाद्याला जास्त प्रीडिले देतात. प्रीडिले म्हणजे थेट आवाज आणि पहिलं परावर्तन यांतलं अंतर. ४ मीटरवरच्या व्हायोलिनचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत ८ मीटर जातो, तिथून माइकपर्यंत १२, एकूण २०. थेट आवाज ४ मीटरच चालतो. फरक १६ मीटर, म्हणजे ४७ मिलिसेकंद. ब्रास भिंतीला टेकून बसलाय: २ अधिक १२, वजा १०, फरक ४ मीटर. म्हणजे १२ मिलिसेकंद. वुडविंडचे २९ येतात, तालवाद्यांचे ६. थोडक्यात, वाद्य जितकं मागे तितका प्रीडिले कमी. तुमचा ट्रम्पेट मांडीवर बसला त्याचं एक कारण हेच असणार. ‘मागे’ नावाच्या प्रीसेटमध्ये प्रीडिले किती आहे ते उघडून पाहा.

तिसरा आकडा थेट आणि परावर्तित यांच्या प्रमाणाचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डीबी घसरतो, पण सभागृहात घुमणारा आवाज सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचं मोठं सभागृह साधारण १५,००० घनमीटरचं आहे, श्रोते भरलेले असताना घुमण्याचा वेळ सुमारे २ सेकंद. अशा जागेत थेट आणि घुमलेला आवाज बरोबरीत येतात ते अंतर सुमारे ५ मीटर (सगळीकडे सारखा आवाज फेकणारं वाद्य धरून. ट्रम्पेट समोर फेकतो, त्याचं अंतर वाढतं). म्हणजे ४ मीटरवरची व्हायोलिन त्या रेषेच्या जेमतेम आत आणि बाकी सगळे बाहेर.

व्यवहारात असं करा: पुढच्या रांगेचा सेंड (रिव्हर्बच्या बसकडे पाठवलेल्या आवाजाची पातळी) कानाला पटेल तिथे ठेवा. त्याच्या तुलनेत मधल्या रांगेचा सेंड ५ डीबी वर, ब्रासचा ८, तालवाद्यांचा ९. मग फेडरनं प्रत्येकाची एकूण पातळी जुळवा. सेंड पोस्ट-फेडरच ठेवा, म्हणजे फेडरबरोबर तोही वर-खाली होतो. नाहीतर ब्रासचा फेडर खाली ओढला की त्याचं भूत तेवढं सभागृहात घुमत राहतं.

कूलर_चालू · मंगळवार, सकाळी ९:१५

एका मीटरला २.९ हे २० अंश तापमानाचं गणित. आपल्याकडे मे महिन्यात ४५ ला २.८ होतं. :) १० मीटरला सव्वा मिलिसेकंदाचा फरक, म्हणजे काही नाही. तरी प्रीसेटवाल्यांनी ‘नागपूर, मे’ असा एक द्यायला हरकत नव्हती.

ठेका_उपराजधानी · मंगळवार, दुपारी १:०५

@वर्धारोड_फेडर, ४७ शी सहमत नाही. भूमिती बरोबर आहे, पण खऱ्या सभागृहात मागच्या भिंतीच्या आधी जमीन, शेजारचे वादक, बाजूचं लाकूडकाम यांची परावर्तनं येऊन मधली फट भरतात. प्लगइनमध्ये नुसता प्रीडिले ४७ केला की फट रिकामी राहते आणि त्यानंतर सगळं एकदम कोसळतं. गज सलग ओढताना कळणार नाही. पिझिकाटो (बोटानं तार छेडणं) लावा, प्रत्येक स्वराला मागून टपली बसते.

लयीत पाहा. मात्रा १६० च्या वेगानं चालली तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. तिचा आठवा भाग ४७. म्हणजे तुमचा प्रीडिले अचूक आठपटीच्या बोलावर येऊन बसतो. तबला असेल तर ऐकणाऱ्याला वाटेल की वादकानं जादा बोल लावला.

मी पुढच्या रांगेला २५ च्या वर जात नाही. मग २५, १६, ८, ३ असं. क्रम तोच राहतो, टपली जाते.

वर्धारोड_फेडर · मंगळवार, दुपारी २:३०

पिझिकाटो आणि तबल्यापुरतं मान्य. कॉन्व्होल्यूशन (खऱ्या सभागृहाच्या रेकॉर्डिंगवर चालणारा रिव्हर्ब) वापरलं तर मधली परावर्तनं इम्पल्समध्येच, म्हणजे त्या रेकॉर्डिंगमध्येच, असतात, फट राहत नाही. साध्या अल्गोरिदम रिव्हर्बला २५ ची मर्यादा ठीक आहे.

ठेका_उपराजधानी · मंगळवार, दुपारी २:४१

कॉन्व्होल्यूशन असेल तर प्रीडिलेला हातच लावू नये. पण तो मुद्दा वेगळा.

ट्रॅकच्या उशिराबद्दलही थोडं. तालवाद्यांना २० मिलिसेकंद उशीर देऊ नका. खऱ्या वाद्यवृंदात मागचे वादक संचालकाच्या काठीपेक्षा किंचित आधी वाजवून ते अंतर भरून काढतात. क्वांटाइझ केलेल्या (मात्रेवर अचूक बसवलेल्या) टिंपनीला २० दिले की ती नुसती आळशी वाटते. वुडविंडचे ९ ठेवा, ब्रासला १० पर्यंत, टिंपनीला शून्य. मागे बसल्याचा भास सेंडच्या प्रमाणातून येऊ द्या.

धरमपेठ_डेसिबल · मंगळवार, रात्री ९:०५

फ्लूट ताणली जाते त्याकडे कोणी पाहिलं नाही. कोरडी लायब्ररी स्टिरिओमध्ये घेतलेली असते, एकटी फ्लूट दोन्ही स्पीकर व्यापते. रीपरच्या ट्रॅकवरची पॅनची चकती मुळात स्टिरिओ बॅलन्सवर असते. ती डावीकडे फिरवली की उजवी बाजू नुसती कमी होते, वाद्य सरकत नाही. चकतीवर राइट-क्लिक करा, ‘स्टिरिओ पॅन’ निवडा. शेजारी रुंदीची चकती येते. एकट्या वाद्याची रुंदी २५ ते ३० टक्के, गटाची ५० ते ६०. त्यानंतर पॅन.

नेहमीच्या अमेरिकी मांडणीत माझे आकडे, शंभरपैकी: पहिली व्हायोलिन डावीकडे ४५, दुसरी डावीकडे २०, व्हायोला उजवीकडे १५, चेलो ३५, बास ५०. फ्लूट डावीकडे १२, ओबो उजवीकडे १२, क्लॅरिनेट आणि बसून तसेच त्यांच्या मागे १५-१५. हॉर्न डावीकडे ३०, ट्रम्पेट उजवीकडे १५, ट्रॉम्बोन ३०, ट्यूबा ३५. वीणेसारखी ती हार्प डावीकडे ५५. टिंपनी मध्यावर.

हे फक्त कोरड्या वाद्यांना! खुर्चीवर बसवून घेतलेल्या लायब्ररीचा पॅन शून्य, रुंदी १००. तिला बॅलन्सनं डावीकडे ढकललं की उजव्या भिंतीची परावर्तनं कापली जातात आणि सभागृहाची एक भिंतच पडते.

हॉर्नबद्दल विशेष. त्याचं तोंड मागे असतं, श्रोत्यापर्यंत पोचतो तो बराचसा भिंतीवरून आलेला आवाज. म्हणून ट्रम्पेटच्याच रांगेत असूनही हॉर्नचा अर्ली सेंड २-३ डीबी जास्त लागतो. रांगेनुसार एकच आकडा सगळ्यांना देणारे प्रीसेट इथे चुकतात.

झाडीपट्टी_ढोलक · मंगळवार, रात्री १०:२०

राजेहो, मले एक सांगा. नाटकाच्या ट्रॅकमधी असंच सगळं बसवलं होतं. हेडफोनवर एक नंबर. मंडपात लावलं तर चेलो पोकळ, व्हायोलिन गायब. साउंडवाल्याचा मिक्सर मोनो हाये. काऊन होते असं? डावीकडच्या वाद्याले उजव्या बाजूला १० मिलिसेकंदाचा डिले टाकला होता, एका व्हिडिओत सांगतलं होतं तसा.

वर्धारोड_फेडर · मंगळवार, रात्री १०:४८

भाऊ, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. एकाच वाद्याच्या दोन बाजूंत १० मिलिसेकंदांचा फरक ठेवून मोनो केलं की दोन्ही एकमेकांवर पडतात आणि ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे दर १०० हर्ट्झवर खड्डे पडतात. चेलोचा सगळा गाभा तिथे. कंगव्याच्या दातांसारखा.

या युक्तीचा आधार खरा आहे. हेल्मुट हासनं १९४९ मध्ये दाखवलं की काही मिलिसेकंदांपासून तीसेकपर्यंत उशिरा आलेली प्रत वेगळी ऐकू येत नाही, दिशा पहिल्या आवाजाचीच वाटते, प्रत काही डीबी मोठी असली तरी. पण ती दोन वेगळ्या स्पीकरांतून कानांपर्यंत यायला हवी. तारेतच बेरीज झाली की संपलं.

वर मी सांगितलेला उशीर पूर्ण ट्रॅकला, दोन्ही बाजूंना सारखा. तो मोनोमध्ये बिघडत नाही. मंडपात वाजणाऱ्या कामात बाजूंमधला डिले शून्य ठेवा, दिशा फक्त पातळीनं द्या. आणि मंडपासाठी टेल निम्मी करा, उघड्यावर माणसांचा गलका तिची जागा घेतो.

झाडीपट्टी_ढोलक · मंगळवार, रात्री ११:०२

समजलं. डिले काढला, चेलो वापस आला. धन्यवाद भाऊ.

कूलर_चालू · बुधवार, सकाळी ८:३०

टेल किती ठेवायची यावर एक स्थानिक सूचना. खोलीत कूलर चालू ठेवून रिव्हर्ब ठरवू नका. नाव माझं काहीही असो.

हिशेब करा. मॉनिटर ७५ डीबीवर, कूलरचा आवाज बसायच्या जागी ५२ धरा. मधे उरले २३ डीबी. २ सेकंदांची टेल सेकंदाला ३० डीबीनं घसरते. म्हणजे पाऊण सेकंदानंतर ती कूलरखाली बुडाली. तुम्हाला वाटतं रिव्हर्ब कमी पडतंय, तुम्ही २.८ करता, सेंड चढवता. ज्याच्या घरी एसी आहे त्याला मग चिखल ऐकू येतो. टेलचा वेळ आणि सेंड ठरवायचे ते दहा मिनिटं कूलर बंद करून, किंवा बंद कपाच्या हेडफोनवर. पॅन आणि ईक्यू (तीव्र-मंद स्वरांचं प्रमाण) कूलर चालू असतानाही चालतं.

संत्रासूर · बुधवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. ब्रास मोजला: १.१ सेकंद. तंतुवाद्यं २.१. म्हणून टेल २.१ वर जुळवली. ‘मागे’ प्रीसेटमध्ये प्रीडिले ४० निघाला! शिवाय त्यात ६ किलोहर्ट्झचा लो-पास (त्यावरचं सगळं कापणारा फिल्टर) होता. तो ठेवू का? लांबचा आवाज बोथट होतो ना?

आणि अर्लीसाठी रीपरच्या रीव्हर्ब (ReaVerb) प्लगइनमध्ये एका सभागृहाचा इम्पल्स टाकला, तर वुडविंड आणखी ओले आणि मोठे झाले.

धरमपेठ_डेसिबल · बुधवार, रात्री १०:३०

लो-पास काढा. १० मीटरमध्ये १० किलोहर्ट्झला हवा दीड-दोन डीबी खाते, बस. ६ वर कापलेला ट्रम्पेट मागे जात नाही, गोधडीखाली जातो. लांबचं वाद्य बोथट वाटतं कारण त्यातला थेट भाग कमी आणि घुमलेला जास्त असतो, आणि घुमलेल्या आवाजात तीव्र स्वर आधी मरतात. म्हणून ईक्यू रिव्हर्बच्या बसवर लावा: ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं रिव्हर्बमध्ये जाण्याआधी काढून टाका. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओची जुनी रीत आहे ही. वाद्यवृंदाला मला ६०० जास्त वाटतं, चेलो-बासची ऊब जाते. २०० ते २५० पुरे. कोरड्या ट्रॅकवर फार तर ८ किलोहर्ट्झपासून २ डीबीचा शेल्फ, म्हणजे त्यावरचं सगळं तेवढंच कमी.

वुडविंड मोठे झाले कारण रीव्हर्बचा ड्राय (मूळ आवाजाचा) फेडर वर असणार. सेंडवरच्या रिव्हर्बमध्ये ड्राय पूर्ण तळाशी हवा, फक्त वेट (घुमलेला आवाज). प्रीसेट बहुधा ट्रॅकवर थेट लावण्यासाठी जतन केलेले असतात, त्यामुळे ते लोड झाले की ड्राय पुन्हा शून्य डीबीवर येतो. दर वेळी तपासा.

ओले झाले ते वेगळ्या कारणानं. अख्खा इम्पल्स टाकलात, त्यात दोन सेकंदांची टेलही आहे. वर तुमची सामाईक टेल. ती फाइल ट्रॅकवर ऑडिओ म्हणून उघडा, ८० मिलिसेकंदांवर कापा, शेवटी २० चा फेड-आउट द्या, नवी फाइल रेंडर करा आणि ती लोड करा. सुरुवातीकडेही पाहा. पहिला उंच काटा थेट आवाजाचा असतो. तो राहिला तर फ्लूट दोनदा वाजते. काट्यापर्यंतचं कापून टाका. पण काट्यानंतरची शांतता ठेवा, तोच खरा प्रीडिले. काट्याआधीची शांतता म्हणजे स्पीकरपासून माइकपर्यंतचा प्रवास. ती ठेवून वर ट्रॅकचा उशीरही दिलात तर परावर्तनांना अंतर दोनदा लागतं.

ठेका_उपराजधानी · बुधवार, रात्री ११:१०

बांबूच्या बासरीचं राहिलं. ती वाद्यवृंदाच्या रांगेत बसवू नका, एकल वादक संचालकाच्या शेजारी असतो. अंतर २.५ ते ३ मीटर धरा, अर्ली पुढच्या बसवर पण तंतुवाद्यांपेक्षा ३ डीबी कमी. घरी माइक जवळ असल्यामुळे फुंकेचा सोसाटा आणि खालची फुगवट येते, ती आधी काढा: १५० हर्ट्झखाली कट, २५० ते ३५० मध्ये २-३ डीबी कमी. फुंक राहिली तर सेंडमध्ये ती सभागृहभर सळसळते. डी-एसर (सळसळ दाबणारं प्लगइन) ट्रॅकवर नको वाटला तर निदान सेंडच्या वाटेवर ठेवा.

तानपुरा असेल तर त्याला टेलही देऊ नका. तो स्वतःच टेल आहे.

वर्धारोड_फेडर · गुरुवार, सकाळी ७:४०

जतन करताना: चार अर्ली बस, एक टेल बस आणि त्यांना जोडलेले वाद्यांचे ट्रॅक असे सगळे एकत्र निवडून ट्रॅक टेम्प्लेट करा. एकत्र निवडले तर आपसातले सेंड टिकतात. प्लगइनचा नुसता प्रीसेट जतन केला तर सेंडची पातळी, रुंदी, पॅन यांतलं काहीच त्यात येत नाही, आणि वाद्याची जागा तर त्यांच्यातच असते. टेम्प्लेटच्या नावात ‘कोरडे’ किंवा ‘ओले’ हा शब्द घाला. सहा महिन्यांनी ‘हॉर्न मागे २’ वरून काही कळत नाही.

तपासायला टेल म्यूट करून सगळ्यांना एकच स्टॅकाटो कॉर्ड पाळीपाळीनं वाजवायला लावा. डोळे मिटून कोण पुढे, कोण मागे सांगता आलं पाहिजे. टेल चालू असताना सगळंच बरं वाटतं.

संत्रासूर · गुरुवार, रात्री १०:१५

केलं. फ्लूट आता खुर्चीएवढी झाली, बासरी पुढे आली, ट्रम्पेट मागे गेला. कॉर्डच्या चाचणीत दोन गोष्टी अडल्या. हॉर्न पार डाव्या स्पीकरला चिकटलाय. आणि तंतुवाद्यं वुडविंडपेक्षा मागे पडल्यासारखी उशिरा येतात, विशेषतः लेगॅटोमध्ये (जोडून वाजवलेल्या स्वरांत). ट्रॅकचा उशीर तर शून्य आहे त्यांचा.

धरमपेठ_डेसिबल · गुरुवार, रात्री १०:३२

उशीर लायब्ररीचा आहे. लेगॅटोच्या नमुन्यात आधी सरकण वाजते, मग स्वर लागतो. काही लायब्ररींत यात १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. त्यापुढे आपले ९ आणि १७ म्हणजे दर्या में खसखस. मॅन्युअलमध्ये आकडा असतो. तो रीपरमध्ये ट्रॅकच्या मीडिया प्लेबॅक ऑफसेटला उणे द्या, स्टॅकाटोचा ट्रॅक वेगळा ठेवून त्याला त्याचा. हे जुळवल्याशिवाय अंतराचे उशीर लावूच नका.

हॉर्न ओला आहे ना? १.१ सेकंद?

संत्रासूर · गुरुवार, रात्री १०:४०

हो. आणि मी त्याला डावीकडे ३० दिलेत, कोरड्यांच्या यादीतून. शून्य करतो.